पहिली ई-सायकल घेताय? वेग आणि वॅटचे नियम आधी समजून घ्या

ई-सायकल घ्यायला निघालेला माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. किती पळते? आणि किती वॅटची आहे? समोरचा मोठा आकडा सांगतो, ऐकणारा खूश होतो आणि व्यवहार होऊन जातो. कायदा मात्र वेगळंच विचारतो. मोटरची मदत नेमकी कोणत्या वेगाला थांबते, ती मोटर सलग अर्धा तास किती ताकद देऊ शकते आणि पेडल मारणं थांबवलं की ती गप्प बसते का, हे तीन प्रश्न. त्यांच्या उत्तरांवर तुमची गाडी सायकल राहते की नोंदणी, परवाना, विमा लागणारी दुचाकी होते, हे ठरतं. हे आधी नीट समजलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. इथे ई-सायकल म्हणजे पेडल असलेली, मोटरची साथ असलेली सायकल. इलेक्ट्रिक स्कूटरचा विषय वेगळा आहे.

पायरी १: तुमची गाडी कोणत्या खान्यात बसते ते ठरवा

बऱ्याच देशांचे कायदे ढोबळमानाने ई-वाहनांची तीन खान्यांत विभागणी करतात. खान्यांची नावं बदलतात, कल्पना तीच राहते.

पहिल्या खान्यात साधी ई-सायकल येते. मोटर छोटी, मदत ठरावीक वेगापर्यंतच. तिला कायदा बहुतेक ठिकाणी सायकलच मानतो, त्यामुळे परवाना नाही, नंबरप्लेट नाही आणि सायकलच्या मार्गिकेत तिला जागा आहे. दुसऱ्या खान्यात वेगवान ई-सायकल. दिसायला सायकलसारखीच, पण मदत ताशी ४५ किलोमीटरपर्यंत. युरोपात तिला मोपेडचे नियम लागतात. तिसऱ्या खान्यात उरलेलं सगळं: थ्रॉटल, म्हणजे स्कूटरसारखी वेग वाढवणारी मूठ, पिळला की ताशी ५०-६० किमीने सुटणारी, नावापुरती पेडल लावलेली वाहनं. ती इलेक्ट्रिक मोटरसायकलच असतात, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

नवख्या माणसाची फसगत याच तिसऱ्या खान्यात सर्वात जास्त होते. "ई-बाइक" म्हणून विकलेली गाडी घरी येते, घरातलं शाळकरी पोर ती घेऊन रस्त्यावर जातं आणि ती मुळात मोटर वाहन आहे हे कुणाच्या गावीही नसतं. म्हणून गाडीचा रंग, कॅरिअर, बॅटरी वगैरे बघण्याआधी तिचा खाना विचारा, आणि उत्तर कागदावर मागा.

पायरी २: ताशी २५ म्हणजे नेमकं काय

सर्वात मोठा गैरसमज इथेच आहे. ई-सायकलची २५ ची मर्यादा मोटरच्या मदतीवर असते, तुमच्या पायांवर नसते. २५ च्या पुढे मोटर हात काढून घेते, त्यापुढे तुम्ही स्वतःच्या दमावर ३० ने जा किंवा उतारावर सायकल ४० ला पोचू द्या, ई-सायकलचा नियम त्याने मोडत नाही. रस्त्याची किंवा सायकल मार्गाची स्वतःची वेगमर्यादा असेल, तर ती इतर सगळ्यांसारखी तुम्हालाही लागू आहेच. या दोन मर्यादांची गल्लत करू नका.

चालवताना हे कसं जाणवतं? चांगल्या सायकलवर डिस्प्लेचा आकडा २३, २४ असा चढत जातो आणि मागून मिळणारा रेटा हळूहळू पातळ होतो. २५ च्या जवळ पेडल जड व्हायला लागतं, कारण आता पंचवीसेक किलोची सायकल तुमची तुम्हीच ढकलत असता. मोटर थांबल्याचा आवाजही कानाला कळतो, बारीक घरघर विरून जाते. स्वस्त सायकलवर हाच बदल झटक्याने होतो. मदत एकदम तुटते, वेग २३ वर घसरतो, मोटर पुन्हा एकदम जागी होते आणि सायकल सतत हिसके देत राहते. युरोपच्या कायद्याची अपेक्षा अशी आहे की मदत टप्प्याटप्प्याने कमी होत जाऊन २५ च्या आत पूर्ण बंद व्हावी. म्हणजे पहिल्या प्रकारची सायकल नुसती आरामाला चांगली आहे असं नाही, नियमाच्या भावनेलाही तीच धरून आहे.

पण २५ च का? आकडेमोड करून पाहिली की कारण दिसतं. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरा, रस्ता सपाट, वारा पडलेला आणि चालवणारा ताठ बसलेला. ताशी २५ किमीचा वेग टिकवायला चाकाशी साधारण १६० वॅट लागतात. ३२ ला हाच आकडा ३०० च्या आसपास जातो. ४५ ला ७०० च्या वर. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हा आकडा असा फुगतो. याचा अर्थ २५ पर्यंत २५० वॅटची मोटर आणि तुमचे पाय मिळून भरपूर झाले. ज्यांनी मर्यादा ३२ किंवा ४५ ला ठेवली, त्यांना मोटरही मोठी मान्य करावी लागली.

दुसरं कारण धडकेचं. ४५ च्या वेगाला गतिज ऊर्जा २५ च्या वेगाच्या सव्वातीन पट असते. समोर कुणी आलं आणि ब्रेकपर्यंत बोट पोचायला एक सेकंद गेला, तर कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक लागूनही २५ च्या वेगातली सायकल थांबायला साधारण १३ मीटर खाते. ४५ च्या वेगात तेच अंतर ३० मीटरच्या पुढे जातं. पायी चालणारे, कुत्रं फिरवणारे, चेंडूमागे धावणारी मुलं जिथे असतात त्याच वाटेवर ही सायकल चालणार असते. ही मर्यादा मला जाचक वाटत नाही ती यामुळेच.

पायरी ३: वॅट वाचायला शिका

मोटरच्या अंगावर, बहुधा खालच्या बाजूला चिखलाच्या थराआड, एक कोरलेली ओळ किंवा चिकटवलेली पट्टी असते. ती फडक्याने पुसून वाचा. "३६ व्होल्ट, २५० वॅट" असं काहीतरी दिसेल. फ्रेमवरही एक पट्टी असू शकते. ईएन १५१९४ या युरोपीय मानकानुसार बनलेल्या सायकलवर मदत कुठल्या वेगाला तुटते तो आकडा आणि मोटरची सलग ताकद दोन्ही लिहिलेले असतात. ताकद तिथे बऱ्याचदा ०.२५ किलोवॅट अशी लिहितात, म्हणजेच २५० वॅट.

हा २५० चा आकडा मोटरची "सलग" ताकद सांगतो, ती न तापता बराच वेळ देऊ शकते तेवढी. कायद्यात त्यासाठी तीस मिनिटांची कसोटी आहे: सरासरी अर्धा तास मोटर जास्तीत जास्त किती ताकद टिकवू शकते. चढावर काही क्षण तीच मोटर ५००-६०० वॅटसुद्धा देते, आणि युरोपीय नियमात ते चालतं. २५० चा शिक्का असलेली मिड-ड्राइव्ह मोटर, म्हणजे पेडलच्या अक्षाशी बसवलेली मोटर, घाट कशी चढते याचं उत्तर हेच.

आता कंट्रोलरकडे या. मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारी ही छोटी पेटी फ्रेमच्या पोटात किंवा बॅटरीच्या बुडाशी असते. तिच्यावर "कमाल १५ अँपिअर" लिहिलं असेल आणि बॅटरी ३६ व्होल्टची असेल, तर गुणाकार ५४० वॅट. ही बॅटरीतून खेचली जाणारी वीज. त्यातली काही उष्णतेत जाते, मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर चाकाला ४३० च्या आसपास मिळतात. ४८ व्होल्ट आणि २० अँपिअर असेल तर ९६० वॅट खेचले जातील, आणि मग मोटरवर २५० चा शिक्का असला तरी शंका घ्यायला जागा आहे. मोठ्या मोटरवर छोटा शिक्का मारून विकण्याचा प्रकार बाजारात आहे, आणि तो पकडायला हा एक गुणाकार पुरतो.

जाहिरातीत "पीक पॉवर" मोठ्या अक्षरात आणि सलग ताकद बारीक अक्षरात असते. कायद्यासाठी बहुतेक ठिकाणी बारीक अक्षर मोजलं जातं. काही देशांत मात्र कमाल ताकदीचीच मर्यादा आहे, त्यामुळे आपल्या देशाच्या नियमात "सलग", "तीस मिनिटं" की "कमाल" यातला कोणता शब्द आहे तो शोधून वाचा.

चढ चढण्यासाठी तर वॅटपेक्षा टॉर्क बघावा, म्हणजे मोटर चाक किती जोराने फिरवू शकते ते सांगणारा न्यूटन-मीटरमधला आकडा. १०० किलोचं ओझं सहा टक्के चढावर ताशी १५ किमीने न्यायला साधारण ३०० वॅट लागतात, आणि त्यातले शंभरेक तुमचे पाय सहज देतात. ८० च्या आसपास न्यूटन-मीटर देणारी, सायकलच्या गिअरमधून ताकद पोचवणारी मिड-ड्राइव्ह मोटर २५० वॅटच्या मर्यादेत राहून हे आरामात करते. चढ आणखी तीव्र झाला तर चाकाच्या मध्यभागी बसवलेली हब मोटर ५०० वॅटची असूनही धापा टाकू शकते, कारण तिला गिअर बदलता येत नाहीत आणि कमी फेऱ्यांवर ती नुसती तापत राहते. नवख्या माणसाला मी नेहमी हेच सांगेन की जास्त वॅटच्या मागे लागू नका, चांगला टॉर्क सेन्सर (तो काय करतो ते पुढच्या पायरीत) आणि चांगले ब्रेक बघा.

पायरी ४: पेडल की थ्रॉटल

मोटर चालू करायचे दोन मार्ग आहेत. पेडल मारल्यावर सेन्सरला कळतं आणि मोटर साथ देते, हा पहिला. केडन्स सेन्सर फक्त पेडल फिरतंय का एवढंच पाहतो, टॉर्क सेन्सर तुम्ही किती जोर लावताय ते मोजून त्या प्रमाणात मदत देतो. दुसरा मार्ग थ्रॉटलचा. मूठ पिळा किंवा अंगठ्याने खटका दाबा, पाय हलवायची गरज नाही.

कायद्याच्या नजरेत हा फरक फार मोठा आहे. युरोपात पेडल थांबलं की मोटर थांबलीच पाहिजे. अपवाद ताशी ६ किमीपर्यंतच्या मदतीचा, म्हणजे सायकल हाताने ढकलत चढ चढताना किंवा सिग्नलवरून सुटताना. जपानमध्ये थ्रॉटलवर चालणारी सायकल सायकल म्हणून धरलीच जात नाही. अमेरिकेत मात्र थ्रॉटलसाठी स्वतंत्र वर्गच आहे. थ्रॉटलची सायकल आवडली असेल तर आधी तुमच्या देशात तिला कोणत्या खान्यात टाकतात ते पाहा, आवड नंतर.

पायरी ५: तुमच्या देशाचा नियम शोधा

युरोपीय संघापासून सुरुवात करू, कारण बरेच देश त्याचीच री ओढतात. २०१३ च्या १६८ क्रमांकाच्या नियमावलीनुसार पेडलच्या साथीने चालणारी, सलग ताकद २५० वॅटपर्यंतची आणि २५ च्या आत मदत तोडणारी सायकल मोटर वाहनांच्या मान्यतेतून पूर्ण बाहेर आहे. त्याच्या वर ४५ किमीपर्यंतची वेगवान सायकल मोपेडच्या गटात जाते. जर्मनीत तिला विम्याची छोटी पाटी, हेल्मेट आणि मोपेडचा परवाना लागतो. त्या पाटीचा रंग दरवर्षी १ मार्चला बदलतो, त्यामुळे विमा संपलेला असेल तर लांबूनही कळतं. स्वित्झर्लंड संघात नाही आणि तिथला हिशेब निराळा: साधीला ५०० वॅट आणि २५, वेगवानाला १००० वॅट, ४५ आणि पिवळी पाटी.

ब्रिटनमध्येही २५० वॅट आणि ताशी साडेपंधरा मैल, म्हणजे तेच २५ किमी. वय किमान १४. सायकलवर मोटरची ताकद किंवा तिचा निर्माता यापैकी एक आणि बॅटरीचे व्होल्ट किंवा कमाल वेग यापैकी एक, एवढी माहिती लिहिलेली असावी लागते.

अमेरिकेचं चित्र गुंतागुंतीचं आहे. २००२ च्या संघीय कायद्यात ई-सायकलची व्याख्या आहे: चालणारी पेडल, ७५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि फक्त मोटरवर, सपाट पक्क्या रस्त्यावर, १७० पौंडांचा म्हणजे ७७ किलोचा माणूस बसवून ताशी २० मैलांपेक्षा कमी वेग. माणसाचं वजनसुद्धा लिहून ठेवलंय, कारण त्याशिवाय वेगाच्या चाचणीला अर्थ नाही. पण ही व्याख्या वस्तू विकण्यासंबंधी आहे, रस्त्यावर राज्यांचे नियम चालतात. बहुतेक राज्यांत तीन वर्ग आहेत. पहिला पेडलच्या साथीचा, २० मैलांपर्यंत. दुसरा थ्रॉटलचा, २० मैलांपर्यंतच. तिसरा पेडलच्या साथीचा, २८ मैलांपर्यंत, म्हणजे ४५ किमी. कॅलिफोर्नियात तिसऱ्या वर्गासाठी वय १६, हेल्मेट आणि स्पीडोमीटर सक्तीचे आहेत. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत ५०० वॅट आणि ३२ किमी.

जपानचा नियम मला सगळ्यांत बारकाईने विचार केलेला वाटतो. तिथे वॅटपेक्षा प्रमाणाला महत्त्व आहे. ताशी १० किमीपर्यंत तुमच्या एक भाग जोराला मोटर जास्तीत जास्त दोन भाग देऊ शकते. त्यापुढे हे प्रमाण उतरत जातं आणि २४ ला शून्य होतं. सिग्नलवरून सुटताना, मागे मूल बसलेलं असताना, चढावर, म्हणजे जिथे सायकल लडखडते तिथे मदत भरपूर. वेग वाढला की मोटर आपली आपण मागे सरते.

चीनमध्ये २०१९ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय मानकात २५ किमी, ४०० वॅट, ४८ व्होल्ट आणि बॅटरीसह ५५ किलो वजन अशा मर्यादा ठेवल्या गेल्या. २०२५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती लागू झाली. सिंगापूरने वजन २० किलोवर आणलं, २५० वॅट आणि २५ किमीसोबत नोंदणी, नंबरप्लेट आणि नियमांची परीक्षा ठेवली. न्यूझीलंडचा नियम ३०० वॅटच्या कमाल ताकदीवर उभा आहे. त्या व्याख्येत मदत तुटायचा वेग नाही.

भारतात हा विषय केंद्रीय मोटर वाहन नियमांतल्या २(यू) या व्याख्येत येतो. तीस मिनिटांची ताकद ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग २५ पेक्षा कमी असेल, तर बॅटरीवर चालणारं वाहन मोटर वाहन धरलं जात नाही. पेडलच्या साथीच्या सायकलसाठी वेगळं कलम आहे: मोटर तेवढीच, मदत हळूहळू कमी होत २५ ला किंवा पेडल थांबताच त्याआधी बंद, योग्य ब्रेक, पुढे एक पांढरा आणि मागे एक लाल रिफ्लेक्टर. यातली सगळ्यांत दुर्लक्षित अट म्हणजे हे सगळं नियम १२६ मध्ये नेमलेल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असलं पाहिजे. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक. म्हणजे विक्रेत्याने तोंडी "२५० वॅट, परवाना लागत नाही" म्हटलं तर ते पुरेसं नाही, चाचणीचं प्रमाणपत्र आहे का हे विचारायला हवं. या सवलतीतून बाहेर पडलेली गाडी १९८८ च्या मोटर वाहन कायद्याखाली येते, मग परवाना, नोंदणी आणि तृतीय पक्ष विमा तिन्ही लागतात.

हे नियम बदलत असतात. सायकल घेण्याआधी तुमच्या देशाच्या परिवहन खात्याचा ताजा मजकूर स्वतः वाचा. आणि एका देशातली सायकल दुसऱ्या देशात नेताय किंवा मागवताय तर जास्तच जपा. अमेरिकेतली तिसऱ्या वर्गाची सायकल तिथे सायकलच आहे. युरोपच्या रस्त्यावर उतरली की ती मान्यता नसलेली मोपेड होते.

पायरी ६: घेण्याआधी तपासून बघा

सायकल स्टँडवर उभी करा, मागचं चाक जमिनीपासून उचललेलं असू द्या. मदत सर्वात कमी पातळीवर ठेवून पेडल हाताने फिरवा. बोटं चेन आणि स्पोकपासून लांब ठेवा. केडन्स सेन्सरची हब मोटर लगेच चाक फिरवायला लागेल. आता पेडल थांबवा आणि मनात सेकंद मोजा. मोटर क्षणभरात थांबायला हवी. ती दोन-तीन सेकंद चालूच राहत असेल तर गर्दीत तीच सायकल तुम्हाला नको तिथे पुढे ढकलणार आहे. मग पेडल फिरवत असतानाच ब्रेकचा दांडा थोडा ओढा. ब्रेकमध्ये मोटर तोडणारा स्विच असेल तर ती तिथल्या तिथे गप्प होईल. टॉर्क सेन्सरच्या मोटरवर हे हाताने नीट कळत नाही, तिथे चालवूनच बघावं लागतं.

नंतर सपाट, मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहा. फोनवर जीपीएसने वेग दाखवणारं ॲप लावा, फोन हँडलला नीट अडकवा. मदत पूर्ण ठेवून वेग वाढवत न्या आणि रेटा कुठे संपतो ते पायांना कळू द्या. डिस्प्ले २५ म्हणतोय आणि जीपीएस २९ दाखवतोय, असं झालं तर चाकाच्या मापाची सेटिंग चुकलेली आहे, किंवा कुणीतरी मुद्दाम चुकवलेली आहे.

पायरी ७: डिस्प्लेमधली सेटिंग समजून घ्या

वेग मोजायला सायकल चाकाच्या फेऱ्या मोजते आणि त्यांना चाकाच्या परिघाने गुणते. परिघ चुकीचा भरला की वेगही चुकीचा. समजा चाक साडेसत्तावीस इंची आहे आणि डिस्प्लेत २४ भरलंय. सायकल खऱ्या २८-२९ किमीने धावत असताना तिला वाटतं आपण २५ ला आहोत, आणि मोटर तिथपर्यंत ढकलत राहते. उलट केलंत तर मदत लवकर तुटते आणि "मोटरमध्ये दम नाही" अशी तक्रार सुरू होते. टायर बदलला, विशेषतः बारीकच्या जागी जाड घातला, तर हे माप पुन्हा भरा. टायरच्या कडेवर छापलेलं माप बघा, किंवा चाक जमिनीवर एक पूर्ण फेरी ढकलून अंतर टेपने मोजा.

काही डिस्प्लेत वेगमर्यादेचीच सेटिंग उघडी असते, ४० किंवा त्याहून जास्त भरता येते. ती तिथे आहे म्हणून वापरायची परवानगी आहे असं समजू नका. सेकंडहँड सायकल घेताना ही सेटिंग सगळ्यात आधी उघडून बघा, आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय ते त्यातून कळेल.

मर्यादा उघडण्याबद्दल

चिप बसवून, सेन्सरचा चुंबक हलवून किंवा ॲपमधून मर्यादा उघडून देणारे बरेच आहेत. मी कळकळीने सांगतो, त्या वाटेला जाऊ नका. मर्यादा उघडली की त्या क्षणापासून तुम्ही बिननोंदणीचं, बिनविम्याचं मोटर वाहन चालवत असता. कुणाला धडक बसली तर चूक कुणाची हा प्रश्न मागे पडतो आणि तुमची गाडी बेकायदा होती हे पुढे येतं. नुकसानभरपाई खिशातून, वॉरंटी गेलेली आणि विमा कंपनी दार लावून बसलेली. फ्रान्सने तर २०१९ पासून ई-सायकलची मर्यादा उघडण्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास आणि ३०,००० युरोपर्यंत दंड ठेवला आहे. छेडछाड लपतही नाही. चाकाचा वेग आणि पेडलच्या फेऱ्या एकमेकांशी जुळेनाशा झाल्या की बॉशसारख्या कंपन्यांच्या मोटरी ते ओळखतात, डिस्प्लेवर बिघाडाचा क्रमांक (एरर कोड) दाखवतात आणि मदत आखडती घेतात.

यंत्राचं म्हणाल तर २५ च्या हिशेबाने बसवलेले ब्रेक पॅड, स्पोक आणि टायर ४५ च्या वेगाला रोज तोंड द्यायला बनलेले नसतात. ताकद वाढली की मोटरचं तापमान वाढतं, हब मोटरच्या आतले नायलॉनचे गिअर झिजतात, बॅटरीतून जास्त करंट खेचला गेल्याने तिचं आयुष्य घटतं. तुम्हाला खरोखर ४५ ने जायचं असेल, कामाचं अंतर लांब असेल, तर रीतसर मान्यता असलेली वेगवान ई-सायकल किंवा स्कूटर घ्या, पाटी लावा, विमा काढा, हेल्मेट घाला. तो सरळ मार्ग आहे.

घरच्या सायकलला किट बसवणाऱ्यांनाही हेच लागू. १००० वॅटचं किट सहज मिळतं, "फक्त खासगी जागेत वापरासाठी" असा शिक्का असतो आणि तो वाचून लोक पुढे जातात. त्या शिक्क्याचा अर्थ असा की विकणाऱ्याने आपली जबाबदारी झटकली आणि ती तुमच्या गळ्यात पडली. किट बसवायचंच असेल तर देशाच्या मर्यादेतली मोटर, पेडल सेन्सर आणि मोटर तोडणारे ब्रेक लिव्हर असलेलं निवडा, आणि पुढच्या चाकात हब मोटर बसवत असाल तर फोर्कच्या खाचेला टॉर्क आर्म, म्हणजे अक्षाला फिरू न देणारी धातूची पट्टी, लावल्याशिवाय रस्त्यावर उतरू नका. मोटरच्या पिळामुळे अक्ष खाचेतून निसटतो आणि पुढचं चाक निघून येतं.

पायरी ८: कागद जवळ ठेवा

सायकल घेतली त्या दिवशीच मोटरवरची पट्टी, फ्रेमचा क्रमांक आणि कंट्रोलरवरची ओळ यांचे स्पष्ट फोटो काढा. चिखल आणि पाण्याने ही अक्षरं लवकर पुसट होतात. बिलावर मोटरची सलग ताकद आणि मदत तुटायचा वेग लिहून घ्या, नुसतं "ई-सायकल, एक नग" असं बिल स्वीकारू नका. मान्यतेचं किंवा चाचणीचं प्रमाणपत्र पीडीएफमध्ये मागून फोनमध्ये ठेवा. रस्त्यात कुणी अडवून विचारलं तर वाद घालत बसू नका, फोटो आणि प्रमाणपत्र दाखवा. दुरुस्तीला मोटर किंवा कंट्रोलर बदलला तर नव्या भागाचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, आणि बदललेल्या कंट्रोलरवरचा अँपिअरचा आकडा जुन्याइतकाच आहे ना, हे दुकानातून सायकल बाहेर काढण्याआधी वाचा.